लहान, जुनी बोट की नवी अवाढव्य? क्रूझवाल्यांसाठी धागा

मुरगावकर

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की 'आयकॉन ऑफ द सीज'सारख्या बोटी असताना लोक पंचवीस-तीस वर्षं जुन्या, लहान बोटींवर पैसे का घालवतात. तिथे माझं उत्तर लांबत गेलं आणि विषय भलतीकडेच निघाला, म्हणून इथे वेगळा धागा काढतोय. मी स्वतः त्या 'लोकां'पैकीच.

मोठी म्हणजे केवढी, ते आधी बघू. आयकॉन जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघाली. लांबी ३६५ मीटर, वीस डेक. एका केबिनमध्ये दोघे धरले तर ५,६१० प्रवासी, सगळे पलंग भरले तर साडेसात हजारांच्या वर, शिवाय २,३५० कर्मचारी. मुंबईहून गोव्याला येणारी 'एम्प्रेस' १९९० सालची, २११ मीटरची, दोघांच्या हिशोबाने साधारण १,६०० प्रवाशांची. त्याहून लहान हव्या असतील तर अझामारा आणि ओशिआनिया कंपन्यांकडे १९९८ ते २००१ दरम्यान बांधलेल्या सारख्या नमुन्याच्या बोटी आहेत: १८१ मीटर, प्रवासी सातशेच्या आसपास. मूळ मालक रेनेसाँ कंपनी २००१ मध्ये बुडाली आणि बोटी वेगवेगळ्या हातांत गेल्या. जाणकार अजून त्यांना 'आर क्लास' म्हणतात.

आता माझं म्हणणं. नव्या बोटींचं तोंड आतल्या बाजूला असतं. बोटीच्या मधोमध 'सेंट्रल पार्क', त्यात खरीखुरी झाडं, आणि वरच्या कित्येक केबिनच्या खिडक्या त्या बागेकडे उघडतात. समुद्रात जाऊन बागेकडे बघत बसायचं असेल तर गावातली बाग काय वाईट? जुन्या बोटीवर प्रॉमनेड डेक असतो. सागवानी फळ्यांचा, बोटीला पूर्ण वळसा घालणारा. डोक्यावर लाइफबोटी टांगलेल्या, एका हाताला कठडा, त्याच्यापलीकडे थेट पाणी, आणि तेही फार खाली नाही. सकाळी सहाच्या सुमारास खलाशी पाइपने डेक धुतात तेव्हा फळ्यांच्या फटीतलं काळं भरण चकाकतं आणि ओल्या लाकडाचा वास येतो. त्या वेळी तिथे चार-सहाच माणसं भेटतात, तिसऱ्या दिवशी ती ओळखीची झालेली असतात. पंधराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून समुद्र दिसतो, पण त्याचा आवाज वर पोचत नाही.

दुसरं कारण आम्हा वास्कोकरांना घरबसल्या कळतं. मोठी बोट धक्क्याला लागली की हजारो माणसं एकाच वेळी उतरतात. बसेसची रांग, जुन्या गोव्याच्या चर्चपाशी रांग, मंगेशीला रांग. मधल्या ट्रॅफिकमुळे गाइड घड्याळाकडे बघत बसतो, कारण संध्याकाळी बोट कुणासाठी थांबत नाही. सहा-सातशे माणसांची बोट आली तर ती गावात विरून जातात.

तुमचे अनुभव लिहा. मोठ्या बोटींचे चाहते असाल तरीही.

साखळीचा बाब

पणजीच्या सांता मोनिका जेटीवरची तासाभराची क्रूझ धरतात का यात? लहान आहे, जुनी आहे, तोंड पूर्ण बाहेर आहे, आणि डान्ससुद्धा होतो. :)

मुरगावकर

@साखळीचा बाब, ती क्रूझ नव्हे रे, ती मांडवीची शिक्षा.

फोंड्याची मीरा

मुरगावकरकाका, लेख छान, पण दोन मुलं घेऊन जाणाऱ्या आईच्या बाजूने लिहिते. आम्ही सिंगापूरहून एका मोठ्या बोटीवर गेलो होतो. धाकटा पाच वर्षांचा. त्याला पाण्याच्या घसरगुंड्या, मोठीला रॉक क्लायंबिंग, सासऱ्यांना जैन जेवणाचा वेगळा काउंटर, आणि आम्हा दोघांना लग्नानंतर पहिल्यांदाच दोन तास निवांत. समुद्राचा आवाज मी मिरामारला बसून ऐकते, त्याला पासपोर्ट लागत नाही.

गर्दी होती, हे खरं. सकाळी नाश्त्याच्या वेळी तर म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. पण तुम्ही म्हणता तसल्या बोटीवर माझी मुलं दुसऱ्या दिवशी दुपारी 'आता काय करू' म्हणून पदराला लटकली असती. सहा वाजता सागवानी डेकचा वास घ्यायला कोण उठणार होतं आमच्यात?

डेकखालचा

इंजिनरूममध्ये आयुष्य गेलं, आता म्हापशाला घरी असतो. दोन-तीन गोष्टी साफ करतो, कारण या विषयावर भाबडेपणा फार चालतो.

पहिली गोष्ट. बोटीचे 'टन' सांगतात ते वजन नसतं. ग्रॉस टनेज म्हणजे बोटीच्या बंदिस्त जागेचं माप, तिच्या आकारमानावरून काढलेलं. म्हणून एक सोपा हिशोब करता येतो: टनेज भागिले प्रवासी. जितका आकडा मोठा तितकी माणशी जागा जास्त. आयकॉन २,४८,६६३ टन, भागिले ५,६१०, म्हणजे ४४. आर क्लास ३०,२७७ टन, प्रवासी ६८४ धरले तर तिथेही ४४. एम्प्रेस ४८,५६३ टन, तिचे येतात ३० च्या आसपास. सांगायचं काय, तर लहान बोट म्हणजे ऐसपैस आणि मोठी म्हणजे दाटीवाटी असं काही नाही. जागा तेवढीच असते. मोठ्या बोटीवर ती थिएटर, आइस रिंक, तलाव यांत वाटलेली असते आणि सगळे जण एकाच वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी जाऊन उभे राहतात.

दुसरी, डुलणं. 'जुनी बोट समुद्रात जास्त स्थिर' हे अर्धंच खरं. अटलांटिक पार करण्यासाठी बांधलेल्या जुन्या लायनर खोल बुडायच्या, निमुळत्या नाळेच्या (नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक) होत्या, त्या लाट कापत जायच्या. पण १९९० नंतरच्या बहुतेक लहान क्रूझ बोटी लायनर नाहीतच. आर क्लासचा तळ जेमतेम सहा मीटर खोल. समुद्रावर दहा सेकंदांच्या अंतराने येणारी लाट असेल तर तिची लांबी साधारण १५६ मीटर भरते. १८१ मीटरची बोट त्या लाटेवर चढते आणि उतरते. ३६५ मीटरची बोट एका वेळी दोन लाटांवर टेकलेली असते, तिला पत्ताही लागत नाही. तेव्हा ज्यांना बोट लागते त्यांनी उगाच जुन्या बोटीच्या प्रेमात पडू नये. स्टॅबिलायझर असतात, म्हणजे बोटीच्या पोटातून बाहेर येणारे दोन पंख, पण ते काम करतात बोट चालत असताना. नांगरावर उभी असली की त्यांचा जवळजवळ उपयोग नाही.

बाजू तुमचीही घेतो. मोठ्या बोटीचं उंच अंग वाऱ्याला शिडासारखं सापडतं. वारा वाढला की कॅप्टन बंदरात शिरायचं टाळतो आणि तुमचं एक गाव बुडतं.

आजोळ मालवण

'बोट लागते' वरून आठवलं. आमच्या आजीच्या तोंडी कोकण बोटींची नावं माणसांसारखी असायची: रोहिणी, चंपावती, कोकण सेवक, कोकण शक्ती. भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, वाटेतल्या बंदरांत थांबत थांबत पणजीला. कित्येक ठिकाणी धक्काच नव्हता. बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव, म्हणजे लहान होड्या, यायचे. बायका-मुलं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, सगळं हातोहात पडावात उतरवायचे. पावसाळ्यात सेवा बंद. डेकवर पथारी टाकायला जागा मिळाली की राजा.

तरुण मुलं हे ऐकून 'वा, काय रोमँटिक' म्हणतात तेव्हा मला राग येतो. १७ जुलै १९४७ ला 'रामदास' मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, ६०० हून अधिक माणसं गेली. लहान, भरलेली, भर पावसाळ्यातली बोट. आमच्या आजीच्या पिढीने लहान बोट आवडीने निवडलेली नव्हती. दुसरी होतीच कुठे?

मुरगावकर

@आजोळ मालवण, अगदी मान्य. इथे बोलतोय ते तिकीट काढून चैनीला जाणाऱ्यांबद्दल. पण त्या बोटींमुळे आपल्याकडे एक गोष्ट मुरलेली आहे: वाटेतलं प्रत्येक बंदर बघत जायचं. मुंबई-गोवा क्रूझवर आज सरळ रात्रीतून आणून सोडतात. जयगड, विजयदुर्ग कुठे गेले ते कळतही नाही.

@डेकखालचा, ४४-४४ चा हिशोब भारी. तो आता सगळ्यांना ऐकवणार.

तारवटी बार्देशचो

इतका वेळ नुसतं वाचत होतो. मी स्ट्युअर्ड. आमच्या गावात घरटी एक माणूस बोटीवर, पी अँड ओ कंपनीच्या काळापासून. तेव्हा गोंयकार स्ट्युअर्ड हवेच असत त्यांना. मराठी लिहायची सवय कमी, चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रवासी म्हणतात, लहान बोटीवर स्टाफ आपलं नाव लक्षात ठेवतो. बाबांनो, आम्ही मोठ्या बोटीवरही तोच माणूस असतो. फरक असा, की लहान बोटीवर एकच डायनिंग रूम, तीच टेबलं, तेच पाहुणे रोज. तिसऱ्या दिवशी मला माहीत असतं की सोळा नंबरच्या आजींना चहा आधी लागतो आणि दूध वेगळं लागतं. मोठ्या बोटीवर वीसेक ठिकाणी खायची सोय. पाहुणा आज इथे, उद्या तिथे. नाव लक्षात ठेवणार कसं? म्हणून टॅबलेटवर येतं, मी वाचून 'गुड इव्हनिंग मिस्टर अमुक' म्हणतो. त्यांना बरं वाटतं, मला नाही.

आता दुसरी बाजू, जी प्रॉमनेड डेकवरून दिसत नाही. जुन्या बोटीत आमची राहायची जागा वाईट. पाण्याच्या पातळीखाली केबिन, चौघांत एक बाथरूम, कुठे तर कॉरिडॉरमध्ये सामायिक. नाविकांच्या हक्कांचा जागतिक करार, एमएलसी, ऑगस्ट २०१३ मध्ये लागू झाला. त्यात केबिन केवढी असावी वगैरे नियम आहेत, पण बांधणीचे नियम त्यानंतर बांधलेल्या बोटींना. आधीची बोट जशी आहे तशीच. मोठ्या नवीन बोटीवर आम्हाला दोघांत एक केबिन, स्वतःचं बाथरूम, जिम, वेगळं मेस. घरी व्हिडिओ कॉल लागतो.

तेव्हा पाहुण्यांना जुनी आवडते ते मला समजतं. पण माझ्या पुतण्याला विचारलंत कुठल्या बोटीवर जाऊ, तर मी नव्या बोटीवर पाठवीन.

फोंड्याची मीरा

तारवटीदादा, तुमची मराठी उत्तम आहे. हा मुद्दा कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. देव बरें करूं.

कोथरूडचा कावळा

जुन्या बोटीचं कौतुक पुरे आता. आम्ही भूमध्य समुद्रात अशाच एका 'क्लासिक' म्हणवणाऱ्या बोटीवर गेलो होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. एसी दोन अवस्थांत चालायचा: बंद, आणि काश्मीर. बाथरूममधून ड्रेनेजचा वास, तक्रार केली की एक माणूस येऊन सुगंधी फवारा मारून जायचा. केबिन मागच्या बाजूला, तर रात्रभर कपाटातले हँगर एकमेकांवर वाजत होते. शेवटी बायकोने हँगर टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत भरले. वर गोल खिडकी, तीही मिठाने आंधळी झालेली.

स्वस्त होती म्हणून घेतली होती. स्वस्त का होती ते पहिल्या रात्री कळलं.

डेकखालचा

@कावळा, हँगर वाजत होते कारण तुमची केबिन पंख्याच्या, म्हणजे बोट ढकलणाऱ्या प्रॉपेलरच्या, वर होती. जुन्या बोटीत इंजिनापासून मागच्या पंख्यापर्यंत लांबलचक शाफ्ट जातो, त्याची थरथर मागच्या केबिनमध्ये येते. नव्या बऱ्याच बोटींना पॉड असतात, मोटर बोटीच्या बाहेर, पाण्याखाली, पंख्यासकट फिरणारी. थरथर कमी, वळणं सोपी, वेगळं सुकाणूही लागत नाही. तिथे जुनी बोट हरते, वाद नको.

वासाचं कारणही बहुतेक वेळा वयापेक्षा देखभाल. नीट सांभाळलेली चाळीस वर्षांची बोट बघितली आहे आणि दहा वर्षांत खिळखिळी केलेलीही.

स्वस्त का, तर बोटीची किंमत कधीच वसूल झालेली असते. पण म्हातारी बोट इंधन जास्त पिते, सुटे भाग मिळत नाहीत आणि नियम दर काही वर्षांनी बदलतात. १ ऑक्टोबर २०१० पासून जुन्या पद्धतीने, ज्वलनशील सामान वापरून बांधलेल्या प्रवासी बोटींना आंतरराष्ट्रीय फेऱ्याच बंद झाल्या. आग हा समुद्रातला सगळ्यात वाईट शत्रू, त्यामुळे नियम बरोबरच आहे. त्या एका तारखेने किती तरी देखण्या बोटी संपवल्या. उरलेल्या कोविडने. 'मार्को पोलो' १९६५ ची, पूर्व जर्मनीत सोव्हिएत रशियासाठी बांधलेली, २०१० मधून वाचली, पण २०२० मध्ये कंपनी बुडाली आणि ती जानेवारी २०२१ मध्ये अलंगला, गुजरातेतल्या बोटी मोडायच्या किनाऱ्यावर, पोचली. आपल्या मुरगावात येऊन गेलेली 'कर्णिका' आठवते का? १९९० ची, आधीचं नाव 'क्राउन प्रिन्सेस'. एप्रिल २०१९ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली, २०२० संपता संपता तीही अलंगला.

सगळ्यात चिवट 'अस्टोरिया'. १९४८ साली 'स्टॉकहोम' म्हणून पहिल्या सफरीवर निघाली. २५ जुलै १९५६ ला धुक्यात 'आंद्रेया डोरिया' या इटालियन प्रवासी बोटीवर आदळली ती हीच. 'आंद्रेया डोरिया' बुडाली, ही नाळ चेपलेल्या अवस्थेत न्यूयॉर्कला परत आली. नंतर नाव, मालक, अंतर्बाह्य रूप, सगळं बदलत क्रूझ करत राहिली. २०२५ मध्ये बेल्जियममध्ये भंगारात गेली.

साखळीचा बाब

म्हणजे वास्कोची 'वास्को द गामा' पण असेल कुठेतरी?

डेकखालचा

आहे ना. १९९३ ची 'स्टाटेनडाम', २०१९ पासून नाव 'वास्को द गामा'. मार्को पोलोच्याच कंपनीकडे होती. कंपनी बुडाली तरी ही वाचली, आता जर्मन प्रवासी घेऊन फिरते.

मुरगावकर

कावळेसाहेबांची तक्रार रास्त आहे. माझाही आग्रह 'जुनी'पेक्षा 'लहान' याच्यावर जास्त. गोची अशी, की आज लहान आणि परवडणारी हवी असेल तर ती बहुतेक जुनीच मिळते. नवीन लहान बोटी निघतात त्या एक तर अंटार्क्टिकाच्या मोहिमांच्या, नाही तर अतिश्रीमंतांच्या, आणि त्यांचं भाडं ऐकून आपल्यालाच बोट लागते. मधल्या माणसासाठी नवीन लहान बोट आता फारसं कुणी बांधत नाही. माणशी खर्च मोठ्या बोटीवर कमी पडतो, कंपन्यांचं गणित तिथेच संपतं.

आणि बंदरांचा मुद्दा राहिलाच. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'ब्रेमार' नावाची १९९३ ची बोट ग्रीसच्या कोरिंथ कालव्यातून गेली. बोटीची रुंदी साडेबावीस मीटर, कालवा सगळ्यात अरुंद जागी चोवीस. दोन्ही बाजूंना हातभर पाणी, वर उभे कापलेले कडे.  आयकॉनवाल्यांनी हे करून दाखवावं.

उलट टोक व्हेनिस. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांच्या वरच्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब बोटींना सान मार्को या तिथल्या मुख्य चौकासमोरून जायला बंदी. आर क्लास १८१ मीटर. लांबीत एका मीटरने हुकली, टनेजमध्येही बसत नाही. म्हणजे आम्ही ज्यांना लहान म्हणतो त्याही व्हेनिसच्या लेखी मोठ्याच.

आजोळ मालवण

व्हेनिसचं बरोबर आहे. गावात राहणाऱ्यांनी का सोसायचं? मोठ्या बोटीतली माणसं न्याहारी, जेवण बोटीवरच करतात, गावात येऊन फोटो काढतात आणि एखादा फ्रिज मॅग्नेट घेऊन परत जातात. पणजीच्या फोंतेन्यांशमध्ये घराच्या पायरीवर बसून फोटो काढणाऱ्यांना काय म्हणतात ते तिथल्या माणसांना विचारा. त्यात बोट कुठली याने फरक पडत नाही, किती जण एकदम आले याने पडतो.

तारवटी बार्देशचो

टॅक्सीवाल्यांना पण विचारा. लहान बोटीतला म्हातारा पाहुणा दिवसभराची टॅक्सी करतो, गप्पा मारतो, जेवायलाही गावातच बसतो. मोठ्या बोटीतला बोटीकडूनच बस बुक करून येतो.

कोथरूडचा कावळा

एक शंका. आपल्याकडच्या मुंबई-गोवा वीकेंड सफरींवर जुनी बोट असूनही शांतता कुठे असते? पूलजवळ रात्री एकपर्यंत डीजे, ऑफिसचे ग्रुप, बॅचलर पार्ट्या. तुमची ती 'तिसऱ्या दिवशी ओळखीची झालेली माणसं' यायच्या आत सफर संपते.

मुरगावकर

@कावळा, हे शंभर टक्के खरं. दोन रात्रींच्या सफरीवर सगळे भूक लागल्यासारखे मजा करतात. शांतता हवी तर पाच-सहा रात्रींची लांब सफर बघा, लक्षद्वीपला जाणारी, आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी सुटणारी. लोक तेच, पण दोन दिवसांत दमतात.

फोंड्याची मीरा

एवढं सगळं वाचून आता प्रश्न विचारते. मुलं बाजूला ठेवा. माझे आई-बाबा, वय सत्तरीच्या पुढे, जानेवारीत दोघांनाच पाठवायचं म्हणतोय. आईला गुडघ्याचा त्रास, बाबांना गर्दीचा तिटकारा. लहान बोट बरी ना? आईला एसटीतसुद्धा मळमळतं, म्हणून जरा धाकधूक आहे.

डेकखालचा

जानेवारीत अरबी समुद्र शांत असतो, त्या महिन्यात लहान बोटीची भीती बाळगू नका. पावसाळ्यात मी नाही म्हणालो असतो. गुडघ्यांसाठी मात्र नीट चौकशी करा. जुन्या बोटीत बाथरूमच्या दाराशी वीतभर उंच उंबरठा असतो, डेकवर जायच्या दाराला त्याहून उंच. लिफ्ट कमी, आणि काही लिफ्ट सगळ्या डेकवर जात नाहीत. ज्या बंदरात धक्का नाही तिथे छोट्या बोटीत उतरून जावं लागतं. गुडघा दुखत असेल तर ती उडी नकोच.

तारवटी बार्देशचो

बाय, बुकिंग करतानाच व्हीलचेअरचं सांगून ठेव, लागली नाही तरी. चढताना वेगळ्या रांगेतून नेतात. जेवणाची पहिली पाळी माग, म्हणजे रोज तेच टेबल आणि तोच वेटर मिळेल. पहिल्याच दिवशी त्याला आईचं पथ्य सांगायला सांग.

फोंड्याची मीरा

खूप आभार दोघांचे. आणि केबिन कुठली घेऊ? एजंट म्हणतोय सगळ्यात वरच्या डेकवरची बाल्कनीवाली घ्या, 'व्ह्यू' छान आहे.

डेकखालचा

एजंटला म्हणावं तूच जा. वर आणि टोकाला बोट सगळ्यात जास्त हलते. खालच्या किंवा मधल्या डेकवरची, लांबीच्या बरोबर मध्यावरची, लिफ्टपासून चार दारं लांब अशी केबिन घ्या. खिडकीची चालेल, बाल्कनी नसली तरी. आणि पैसे भरायच्या आधी डेक प्लॅन उघडून त्या केबिनच्या बरोबर वर काय आहे ते बघा. डिस्को किंवा किचन असेल तर दुसरी मागा.